चाळीस स्टॅम्प पेपर घेऊन निघालेला जज

१७६२ च्या ऑक्टोबरात एका रात्री स्पेनच्या ताब्यातल्या फिलिपिन्समधल्या मनिलामधून एक माणूस होडीत बसून गुपचूप निघाला. बरोबर काय, तर पाचशे पेसो, एक नोकर, होडी वल्हवणारे काही जण, आणि चाळीस कोरे स्टॅम्प पेपर.

हे वाचलं तेव्हा मी हातातला चहा खाली ठेवला. बाहेर ब्रिटिशांच्या तोफा तटबंदी फोडतायत, शहर एक-दोन दिवसांत पडणार हे शेंबड्या पोरालाही कळतंय, आणि हा गृहस्थ स्टॅम्प पेपर मोजून घेतोय! मला लगेच कोर्टाच्या आवारातले ते टेबल मांडून बसलेले स्टॅम्प व्हेंडर आठवले आणि हसूच आलं. मग हळूहळू कळलं की तो पळून जात नव्हता, तो सरकार घेऊन चालला होता. सगळं सरकार त्या चाळीस कागदांत होतं.

माणसाचं नाव सिमोन दे आंदा. पन्नाशी ओलांडलेला, मनिलात येऊन जेमतेम वर्ष झालेलं, पेशाने जज. हल्ला करणारं आरमार आलं होतं आपल्या मद्रासहून, त्यात ईस्ट इंडिया कंपनीचे देशी शिपाईही होते (त्यातले काही नंतर परत गेलेच नाहीत, मनिलाजवळ काइंता नावाच्या गावात राहिले, तिथे अजून त्यांचे वंशज आहेत म्हणतात, पण तो वेगळा विषय). त्यावेळी गव्हर्नर कोण होता, तर आर्चबिशप! आधीचा गव्हर्नर वारलेला, नवा आलेला नाही, म्हणून चार्ज आर्चबिशप रोहोंकडे. शहर पडलं, आर्चबिशपनी सह्या केल्या, बेटं ब्रिटिशांना देऊन टाकली. आणि आंदा तिकडे पांपांगा प्रांतात बाकोलोर गावात बसून म्हणाला की तुमच्या सह्यांना अर्थ नाही, तुम्ही कैदेत आहात, राजाचं कोर्ट अजून मोकळं आहे आणि ते कोर्ट म्हणजे मी.

दीडेक वर्ष त्याने तिथून सरकार चालवलं. हुकूम काढले, सैन्य उभं केलं, मेक्सिकोहून आलेल्या गॅलियनची, म्हणजे मोठ्या व्यापारी जहाजाची, चांदी त्याच्या हाती पडली, आणि ब्रिटिशांना मनिला आणि आसपासचा थोडा भाग सोडून फार काही मिळालंच नाही. १७६४ ला ते निघून गेले.

आता प्रश्न असा की एका जजला हे कसं सुचलं? आपल्याकडे एखाद्या जिल्हा न्यायाधीशाने असं काही केलं तर लोक म्हणतील साहेबांना ऊन लागलं. पण स्पॅनिश साम्राज्यात ते अगदी नैसर्गिक होतं, कारण तिथे जज आणि सरकार या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्याच.

मनिलाच्या त्या कोर्टाला म्हणायचे 'ऑडिएन्सिया'. म्हणजे सरळ 'सुनावणी'. आणि त्यात बसणारा जज म्हणजे 'ओइदोर', 'ऐकणारा'. मला हा शब्द इतका आवडला की दोन दिवस डोक्यातून जात नव्हता. न्याय देणारा नाही, निवाडा करणारा नाही, ऐकणारा. राजा बसलाय स्पेनमध्ये, मध्ये समुद्र, पत्राचं उत्तर यायला वर्ष, मनिलाला तर त्याहून जास्त, तेव्हा त्याने आपले कान इथे पाठवले. पहिली ऑडिएन्सिया १५११ ला सांतो दोमिंगोत, मग १५२७ ला मेक्सिकोची ठरली, पनामा, लिमा, ग्वाटेमाला, बोगोटा, चार्कास, क्विटो, १५८३ ला मनिला. जिकडे तलवार आधी गेली तिकडे मागून हे काळे झगेवाले गेले.

ते नुसते खटले चालवायचे असं नाही. व्हॉइसरॉयबरोबर बसून कारभाराचे निर्णय घ्यायचे, त्या बैठकीला 'आकुएर्दो' म्हणायचे. आळीपाळीने एकेक ओइदोर दौऱ्यावर जायचा, गावोगाव फिरून कर किती घेतात, मजुरी देतात का, कोण कोणाला मारतंय ते बघायचा. व्हॉइसरॉय मेला तर नवा येईपर्यंत राज्य हेच चालवणार. आणि सगळ्यात गमतीचं, ते राजाला डायरेक्ट पत्र लिहू शकायचे, व्हॉइसरॉयला न दाखवता. म्हणजे बॉस तुमच्या मीटिंगचा अध्यक्ष, आणि तुम्ही त्याच्याच बॉसला त्याच्या चहाड्या लिहिताय, आणि हे कायदेशीर! राजाला हेच हवं होतं. ज्याच्याकडे फौज तो उद्या स्वतःच राजा होईल ही धास्ती, म्हणून त्याच्या शेजारी एक शिकलेला, कंटाळवाणा, कायद्याची पानं उलटणारा माणूस बसवून ठेवायचा.

प्रत्येक ऑडिएन्सियाकडे राजाचा शिक्का असायचा. तो पहिल्यांदा शहरात यायचा तेव्हा कायदा असा की जणू राजाच आलाय तसं स्वागत करायचं. शिक्का घोड्यावर, वर छत्र, ओइदोर मंडळी वेशीपर्यंत सामोरी. वाचताना मला सारख्या भरताने आणलेल्या पादुकाच दिसत होत्या. सिंहासनावर माणूस नाही, पण रिकामं नाही.

आता थोडं घरचं सांगते, कारण मी या विषयात मुळात अडकले तेच त्यामुळे.

माझे बाबा जज होते. मोठे नाहीत, तालुक्याच्या कोर्टातले दिवाणी न्यायाधीश. दर तीन वर्षांनी बदली, नवं गाव, नवी शाळा, जज क्वार्टरचं तेच पिवळट घर. कोकणातल्या एका गावी असताना मे महिन्यात एकदा दुपारी दारात आंब्याची पेटी. गवतात बसवलेले हापूस, पेटीच्या फळ्यांच्या फटीतून वास घरभर. आणून देणारा माणूस आईला 'वहिनी, पोरांसाठी' म्हणाला आणि निघून पण गेला. मी आणि भाऊ पेटीच्या दोन बाजूंना बसून होतो, हात न लावता, कारण नियम माहीत होता. बाबा संध्याकाळी आले, बूटही न काढता पट्टेवाल्याला बोलावलं, पेटी सायकलला बांधली आणि परत पाठवली. भावाने त्या रात्री जेवायला नकार दिला होता. दुसऱ्या एका गावी माझ्या वर्गातल्या मैत्रिणीच्या ताईचं लग्न, अख्खा वर्ग जाणार, आणि मी नाही, कारण तिच्या काकांचा जमिनीचा दावा बाबांच्या बोर्डावर. 'तारीख कधीची आहे?' असं मी रागाने विचारलं होतं, म्हणजे तोवर निकाल लावून टाका ना असं मला म्हणायचं होतं. बाबा हसले होते. मला हसू आलं नव्हतं.

तर ओइदोरांचे नियम वाचायला घेतले आणि मला वाटलं हे तर आमच्याच घरचे, फक्त शंभरपट. १५७५ ला राजा दुसऱ्या फिलिपने हुकूम काढला: आपल्या ऑडिएन्सियाच्या हद्दीत ओइदोराने लग्न करायचं नाही, त्याच्या मुलामुलींनीही करायचं नाही, केलं तर नोकरी गेली. हद्द म्हणजे काय, तर लिमाची ऑडिएन्सिया धरली तर देशच्या देश! त्याशिवाय जमीन घ्यायची नाही, व्यापार करायचा नाही, कोणाला पैसे उसने द्यायचे नाहीत, घ्यायचे नाहीत, लोकांच्या लग्नाला, मयताला उठसूट जायचं नाही, कोणाच्या पोराचा धर्मपिता व्हायचं नाही. १६८० च्या सुमारास हे सगळे कायदे नऊ भागांच्या एका संहितेत एकत्र केले, त्यात सहा हजारांवर कायदे, आणि ओइदोराने काय करू नये याची यादी वाचून संपत नाही. थोडक्यात त्याने ऐकावं, पण कोणाचं होऊ नये. नुसता कान असावा, कानाला चिकटलेला माणूस नको.

मग साहजिकच माणूस बाहेर आला. कुठून ना कुठून येणारच.

म्हणजे पहिल्यांदाच आला. १५२८ च्या शेवटी मेक्सिकोत पहिली ऑडिएन्सिया बसली. चार ओइदोर पाठवले, त्यातले दोघे तर पोचल्या पोचल्या मेले. उरले माटिएन्सो आणि देल्गादियो, आणि त्यांचा अध्यक्ष नुन्यो दे गुस्मान, ज्याने आधीच्या प्रांतात माणसं गुलाम म्हणून कॅरिबियन बेटांवर पाठवून त्याबदल्यात गुरं आणली होती. मेक्सिको जिंकणाऱ्या कोर्तेसच्या मनमानीला चाप बसावा म्हणून राजाने हे कोर्ट पाठवलं, आणि कोर्टानेच लूट सुरू केली. बिशप सुमारागाने तक्रार लिहिली तर पत्रं वाटेत अडवायला लागले. शेवटी १५२९ चं त्याचं ते मोठं पत्र मेणाच्या गोळ्यात लपवून, तेलाच्या पिंपात घालून एका खलाशाने स्पेनला पोचवलं असं सांगतात. राजाचे कान बहिरे झाले म्हणून दुसऱ्या कानापर्यंत पिंपातून जायची वेळ आली.

राजाने मग काय केलं? कोर्ट बंद केलं? नाही. दुसरं कोर्ट पाठवलं! मला या सगळ्या प्रकरणातली ही गोष्ट सगळ्यात चिवट वाटते, जज बिघडले तर उपाय म्हणजे आणखी जज. १५३१ च्या सुमाराला दुसरी ऑडिएन्सिया आली आणि तिच्यात होता वास्को दे किरोगा. हा माणूस खटले ऐकता ऐकता वेगळ्याच गोष्टीकडे वळला. रस्त्यावर पडलेले अनाथ, बाजारात टाकलेलं अन्न शोधणारे लोक, हे त्याला बघवेना. स्वतःच्या पगारातून मेक्सिको शहराजवळ जमीन घेऊन १५३२ ला सांता फे नावाची वसाहत उभी केली, जमीन सामायिक, काम दिवसाला सहा तास, पिकाची वाटणी गरजेप्रमाणे. थॉमस मूरचं आदर्श समाजाची कल्पना मांडणारं 'युटोपिया' वाचून त्याने हे केलं होतं. लोक पुस्तकं वाचून काय काय करतात! पुढे त्याला मिचोआकानचा बिशप केलं, नेमणूक झाली तेव्हा तो साधा पाद्रीसुद्धा नव्हता. तिथले पुरेपेचा लोक त्याला 'ताता वास्को' म्हणायचे, अजून म्हणतात. ताता म्हणजे बाप. आपला 'तात' आठवतो की नाही? संबंध काही नाही, पण कानाला बरं वाटलं.

आता खरं सांगायचं तर किरोगासारखे थोडेच. पण एक गोष्ट मान्य करावी लागते, की लोक या कोर्टांकडे गेले, खूप गेले. जिंकलेले लोक, ज्यांची देवळं पाडली, शेतं घेतली, तेच वीस-पंचवीस वर्षांत कोर्टाची पायरी चढायला शिकले आणि मग थांबेनात. १५६५ मध्ये स्पेनहून तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यापुढे मेक्सिको शहरातल्या देशी लोकांनी एक चित्रांची तक्रार ठेवली, आज तिला ओसुना कोडेक्स म्हणतात. त्यात व्हॉइसरॉय आणि ओइदोर मंडळींच्या घरी काय काय फुकट पोचवलं त्याचा हिशोब काढलाय. चुना किती, घोड्यांना चारा किती, बांधकामाला माणसं किती, पैसे मिळाले नाहीत. चित्र काढून, मोजून, बाजूला नहुआत्ल भाषेत लिहून. ऐकणाऱ्यांविरुद्धची तक्रार, दुसऱ्या ऐकणाऱ्याकडे. पुढे १५९२ ला तर देशी लोकांच्या खटल्यांसाठी स्वतंत्र कोर्टच झालं, कर भरणाऱ्या प्रत्येकाकडून वर्षाला अर्धा रेआल घ्यायचा आणि त्यातून वकील-कारकुनांचे पगार. लीगल एड म्हणा ना. तेही जिंकलेल्यांच्याच खिशातून, हे विसरायचं नाही.

पेरूमधली गोष्ट मात्र पिक्चरसारखी आहे. १५४२ ला राजाने नवे कायदे केले, गोऱ्या जहागीरदारांच्या हातातली देशी लोकांची वेठ हळूहळू संपवायची. हे लागू करायला ब्लास्को नुन्येस वेला नावाचा व्हॉइसरॉय आणि त्याच्याबरोबर चार ओइदोर लिमाला निघाले. व्हॉइसरॉय म्हणजे 'कायदा म्हणजे कायदा' टाइप, वाटेतच सगळ्यांशी भांडला, आणि लिमात एका रात्री राजाच्याच एका मोठ्या अधिकाऱ्यावर संशय घेऊन स्वतःच्या वाड्यात त्याला खंजीर मारला. त्याच आठवड्यात, सप्टेंबर १५४४, ओइदोरांनी व्हॉइसरॉयला अटक केली! आणि पनामाकडे जाणाऱ्या जहाजावर बसवलं, पहारा म्हणून बरोबर त्यांच्यातलाच एक, हुआन आल्वारेस. जहाज जरा समुद्रात गेल्यावर आल्वारेसचं मत बदललं, म्हणाला साहेब, तुम्ही मोकळे. झालं. व्हॉइसरॉय परत उतरला, फौज जमवली, आणि १५४६ च्या जानेवारीत क्विटोजवळ इन्याकितोच्या लढाईत या कायद्यांविरुद्ध उठलेल्या जहागीरदारांचा नेता गोन्सालो पिझारो, त्याच्या बंडखोरांनी त्याला मारलं. त्या ओइदोरांतला हुशार म्हणून गाजलेला सेपेदा तेव्हा पिझारोच्या बाजूला होता.

आणि मग स्पेनमधून कोण आलं बंड मोडायला? पेद्रो दे ला गास्का. पाद्री आणि कायदेपंडित. सैन्य नाही. पदवी काय, तर लिमाच्या ऑडिएन्सियाचा अध्यक्ष. आणि सामानात राजाने सही करून दिलेले कोरे कागद! पुन्हा कोरे कागद. ज्याला जे हवं ते त्यावर लिहायचं, कोणाला माफी, कोणाला जमीन. दोन वर्षं तो पत्रं लिहीत, माणसं फोडत हळूहळू पुढे सरकला, आणि एप्रिल १५४८ ला हाकिहावानाच्या माळावर जेव्हा लढाई व्हायची वेळ आली तेव्हा ती फारशी झालीच नाही, पिझारोचे लोक उठून पलीकडे जायला लागले. पहिल्या काही जणांत घोडा दामटत कोण गेलं असेल? सेपेदा. वकिली डोकं, वारा बरोबर ओळखला.

मनिलाचाच आणखी एक ओइदोर सांगते आणि मग आवरतं घेते, याला सोडून पुढे जाववत नाही. अंतोनिओ दे मोर्गा. १६०० साली डच दर्यावर्दी ऑलिव्हर व्हान नोर्ट मनिलाच्या तोंडाशी आला, लढाईला नेता हवा, आणि कोर्टातला हा जज म्हणाला मी जातो. आरमाराचा अनुभव शून्य. सान दिएगो नावाचं व्यापारी जहाज घाईघाईने युद्धाचं केलं, किल्ल्यावरच्या तोफा चढवल्या, माणसं आणि सामान इतकं भरलं की खालच्या तोफांच्या खिडक्या पाण्याच्या पातळीला आल्या, उघडताच येईनात. १४ डिसेंबरला शत्रूच्या जहाजाला भिडले, आणि थोड्या वेळाने सान दिएगोच बुडालं, शेकडो माणसांसकट. मोर्गा वाचला. तो स्वतः लिहितो की चार तास पोहून किनारा गाठला. व्हान नोर्ट निसटला आणि पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करून घरी गेला. मोर्गाने १६०९ ला मेक्सिकोत फिलिपिन्सच्या हकिगतींचं पुस्तक छापलं, त्यात हा प्रसंग म्हणजे जवळजवळ विजयच! निकालपत्र लिहायची सवय, दुसरं काय. गंमत म्हणजे तेच पुस्तक होसे रिसाल या फिलिपिनो देशभक्त लेखकाने १८९० ला पॅरिसमध्ये टिपा घालून परत काढलं, स्पॅनिश यायच्या आधीही आम्ही कोणीतरी होतो हे आपल्या लोकांना दाखवायला. आणि १९९१ ला समुद्राच्या तळाशी ते जहाज सापडलं, चिनी निळ्या-पांढऱ्या भांड्यांनी भरलेलं.

मोर्गा नंतर क्विटोच्या ऑडिएन्सियाचा अध्यक्ष झाला, १६१५ पासून मरेपर्यंत, म्हणजे वीस वर्षांवर. तिथे त्याच्या घरी जुगाराचा अड्डा चालतो अशी तक्रार, स्पेनच्या सांगण्यावरून तपासणी, निलंबन, दंड. लोक कोर्टात जायच्या आधी साहेबांच्या घरी पत्ते हरायला जायचे असा त्याचा सरळ अर्थ.

आणि मग राजालाच पैशाची गरज पडली. १६८७ पासून ऑडिएन्सियातल्या खुर्च्याच विकायला लागले. पंचविशी न गाठलेली पोरं बापाच्या पैशावर ओइदोर झाली. लग्नाची बंदी? तीही पैसे भरून उठवता यायची. शंभर वर्षं ज्या नियमाने लोकांची आयुष्यं आखली तो रेट कार्डवर आला. हे १७५० पर्यंत चाललं. अर्थात याची दुसरी बाजू अशी की तिथेच जन्मलेल्या घराण्यांतले लोक यामुळे खुर्चीवर बसले, ज्यांना एरवी कोणी बसू दिलं नसतं, म्हणून हे नुसतं वाईट होतं असंही मला म्हणवत नाही. पुढे माद्रिदला वाटलं फारच स्थानिक झालेत सगळे, परत स्पेनहून माणसं पाठवायला सुरुवात केली, आणि ही स्थानिक घराणी चिडली. त्यातल्या काहींचे नातू पुढे क्रांत्या करत होते. १८०९ च्या मे महिन्यात चुकिसाकात, म्हणजे चार्कासच्या ऑडिएन्सियात (आजच्या बोलिव्हियात), ओइदोरांनी आपल्याच अध्यक्षाला पदावरून काढून कैद केलं, राजाच्याच नावाने. लिमात १५४४ ला जे केलं तेच परत. पण यावेळी मागे गर्दी होती आणि ती घरी गेली नाही.

आपल्या बाजूला बघितलं तर १५८० ते १६४० गोव्याचा राजाही तोच, स्पेनचा. पण पोर्तुगीजांनी अट घातली होती की कारभार आमचाच राहील, त्यामुळे गोव्यात ऑडिएन्सिया आली नाही, १५४४ पासूनचं त्यांचं 'रेलासाँव' हे वरिष्ठ न्यायालयच चालू राहिलं. एक राजा, दोन प्रकारचे कान. फार लांब नाही हो हा विषय, पणजीजवळच्या जुन्या गोव्यापर्यंत येतो.

आंदाची गोष्ट मी गेल्या आठवड्यात बाबांना सांगितली. रिटायर होऊन आता बरीच वर्षं झाली, पण ऐकताना अजून तसेच बसतात, मान किंचित तिरकी, डोळे मिटून, मध्ये बोलायचं नाही. होडी, पाचशे पेसो, स्टॅम्प पेपर, सगळं सांगितलं. आंदाचा मुद्दाही सांगितला, की बाकीचे सगळे ओइदोर कैदेत असले तरी एक मोकळा असेल तर कायद्याने ऑडिएन्सिया जिवंत राहते आणि गव्हर्नर नसताना राज्य तीच चालवते. मला वाटलं होतं खूश होतील, जजने देश वाचवला वगैरे.

डोळे उघडून म्हणाले, "पण गव्हर्नर होता ना. कैदेत असला तरी पद रिकामं कुठे झालं?"

मी म्हटलं बाबा, राजाने नंतर मान्य केलं सगळं, उलट त्याला बढती दिली, १७७० ला गव्हर्नर करून परत मनिलाला पाठवलं.

"अपिलात टिकली म्हणून ऑर्डर बरोबर होत नाही," म्हणाले, आणि चष्मा पुसत उठले. दोन मिनिटांनी आतून आवाज, "आणि एकट्याचं बेंच? कोरमचं काय?"